पूर्वेच्या खोलीतला झोपाळा

॥ श्री ॥

जालना,
पौष वद्य ४, शके १८५८

गं. भा. दुर्गावन्सं यांस,
अरुंधतीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुमच्या सासूबाई गेल्याचं तुमच्या पत्रावरून कळलं. तुळजाबाईंची सेवा तुमच्या हातून घडली, सुटल्या बिचाऱ्या. दसऱ्याला चार दिवस म्हणून वाटूरला गेलात आणि तीन महिने राहिलात. तुमच्यावाचून करमत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? घर फार मोकळं वाटतं.

संक्रांतीला मी माहेरी हैदराबादेस जाऊन आले. तिथे माझ्या मैत्रिणीची बैठक पाहिली आणि आपल्या घराची लाजच वाटली. खिडक्यांना रंगीत तावदानं, खाली वेलबुट्टीच्या फरश्या, मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा. आपल्याकडे अजून शेणाने सारवलेली जमीन! पाडव्याच्या आत मी घराचा कायापालट करणार आहे. तुमच्या वडिलांनी, नानांनी, घालून दिलेली ती पाडव्याची रीत, सगळ्यांनी वर्षाचा संकल्प चिठ्ठीवर लिहून गुढीच्या पाटाखाली ठेवायची, ती मी सून असूनही पाळतेच. यंदाचा माझा संकल्प आत्ताच सांगून टाकते. घरात एकही अडगळ ठेवायची नाही.

तुमची नजर चांगली, हे मी चारचौघांत कबूल करणार नाही, पण तुम्हाला म्हणून सांगते. त्या बाजूला जुनं लाकूडकाम, पितळेचं काही दिसलं तर बघून ठेवा. मात्र वहिनीला हवंय असं सांगत जा. विधवा बाई रंग आणि नक्षी पाहत हिंडते अशी चर्चा व्हायला नको. तुमचे दादा कचेरीच्या कामात आहेत, त्यांचे आशीर्वाद.

पत्राचं उत्तर जल्दी यावं आणि माया आहे तेवढी राहावी.

तुमची वहिनी,
सौ. अरुंधती

---

॥ श्री ॥

वाटूर,
माघ शुद्ध ७

ती. सौ. अरुंधतीवहिनी यांस,
दुर्गाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या थट्टेची सवय आहे मला, तरी ते विधवेचं वाक्य दोनदा वाचलं. असो. काम सांगितलंत याचाच आनंद झाला. तीन महिने औषधं आणि भिजलेली अंथरुणं यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं.

घनसावंगीला एक जुनं घर उतरवत आहेत असं कळलं, म्हणून आमचा गाडीवान कचरू याच्याबरोबर गेले. काय काय सापडलं म्हणून सांगू! सागवानी चौकट, तिच्यावर द्राक्षाचे घोस आणि दोन पोपट. एकाची चोच मोडली आहे, पण सुतार ती बराबर बसवून देईल. आणि झोपाळ्याच्या चार पितळी कड्या, मधे मोर आणि हत्ती. चिंचेने घासून पाहिल्या तर लखलखल्या. कचरू म्हणाला की बाई, एवढं ओझं परतूरच्या ठेसनापर्यंत न्यायचं तर बैल माझ्याशी बोलनार न्हाईत. तरी नेलं त्याने. रेल्वेने येईल.

तावदानं बैठकीला निळी घ्या, तिथे दुपारचं ऊन फार येतं. तांबडी आणि पिवळी घ्यायची असतील तर ती माझ्या पूर्वेच्या खोलीतच शोभतील. सकाळी सात वाजता तिथे जो उजेड येतो तसा सबंध घरात कुठे येत नाही. माहेरी परतल्यापासून नऊ वर्षं मी तो पाहिला आहे. झोपाळ्यासाठी तुळईही त्याच खोलीतली लांब आहे. पण तिला आकडे ठोकण्याआधी मला येऊ द्या. नानांनी त्या तुळईबद्दल मला एक गोष्ट सांगितली होती. ती पत्रात लिहवत नाही, समक्ष सांगेन.

आता माझी काळजी. दीर बद्रीनाथ यांच्या मुलाचं लग्न वैशाखात आहे. माझ्या वाटणीची इथली खोली नव्या जोडप्याला द्यावी असं ते म्हणतात. एवढी एकच खोली माझ्या नावाची आहे. दादांना विचारून कळवा, देऊ का? तुमच्या उत्तराशिवाय मी हो म्हणणार नाही.

मुलीसारखी समजता तशीच समजत राहा.

तुमची,
दुर्गा

---

॥ श्री ॥

जालना,
माघ वद्य १०

गं. भा. दुर्गावन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

चौकट आणि कड्या पोचल्या. शेजारच्या पुष्पाबाई तर कड्यांवरून हात फिरवीतच बसल्या. कुणी निवडल्या म्हणून विचारलं, मी म्हटलं, मीच. रागावू नका हं, तुमचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी हात मागे घेतला असता.

खोलीचं विचारलंत. तुमच्या दादांना मी जेवताना सांगितलं. ते म्हणाले, देऊन टाक म्हणावं. माझंही तेच मत. नव्या पोरीला पहिल्या दिवसापासून स्वतःचं दार हवं, आणि तुम्हाला तिथे खोली अडवून काय करायचं आहे? दिलीत तर दोन्ही घरी नाव होईल. अर्धवट देऊ नका मात्र, नाहीतर उद्या भांडणं. चार माणसांसमोर पाणी सोडून मोकळ्या व्हा.

इकडे तुमच्याच खोलीचं काम आधी काढलं आहे. तांबडी-पिवळी तावदानं बसली, फरश्या बसताहेत. पाहाल तेव्हा ओळखणार नाही. पाडव्याला येण्याची घाई करू नका. चुना ओला आहे, तुम्हाला खोकला होतो. तुमची संकल्पाची चिठ्ठी टपालाने पाठवा, मी स्वतः पाटाखाली ठेवीन.

तब्येतीला जपा, आणि आमच्यावरचा राग लोभ दोन्ही असू द्या.

सौ. अरुंधती

---

॥ श्री ॥

वाटूर,
फाल्गुन शुद्ध १२

ती. सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच रडले. माझी खोली आधी काढलीत! नऊ वर्षांत तुम्ही मला खूप बोललात आणि मीही मनात पुष्कळ ठेवलं. आज ते सगळं निघून गेलं. माणूस ओळखण्यात माझी चूक झाली, वहिनी. क्षमा करा.

काल एकादशीला गावच्या चार जाणत्यांसमोर हातावर पाणी घेतलं आणि खोलीवरचा हक्क सोडला. बद्रीनाथभावोजींनी पुन्हा पुन्हा विचारलं, वहिनी, नक्की ना, सोडलेलं पाणी माघारी घेता येत न्हाई. मी म्हटलं, बिलकुल नक्की, माझं जालन्याचं घर आहे. लग्नाच्या मुलाने वाकून नमस्कार केला. सध्या माझी वळकटी पडवीत, कडब्याच्या शेजारी आहे. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून गंमत वाटते.

सोबत चिठ्ठी. मोठं काही लिहिलं नाही. जे आहे त्यात सुखाने राहायचं आणि रोज सकाळी खिडकीत बसून चार ओळी वाचायच्या, एवढंच. चैत्रात पाचवी-सहावीला निघते. तुळईला हात लावला नसेलच.

खिडकीखाली माझी तुळस आहे, तिला तेवढं पाणी घाला. तुमच्या मायेची भुकेली,

दुर्गा

---

॥ श्री ॥

जालना,
चैत्र शुद्ध ३, शके १८५९

गं. भा. दुर्गावन्सं यांस,
नव्या वर्षाचे अनेक आशीर्वाद.

पाडवा थाटात झाला. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, आणि दुपारी नव्या बैठकीत पंधरा माणसं आली. बैठक म्हणजे पूर्वेची खोली. तुम्हीच लिहिलं होतं ना, असा उजेड सबंध घरात नाही? मग तो एकट्या माणसाने का वापरायचा? तुमच्या पोपटांची चौकट दाराला बसवली. जुनी बैठक आता तुमच्या दादांच्या कागदपत्रांना दिली, त्यामुळे दुसरी खोली रिकामी नाही. तुळस काढली, तिथे पायऱ्या आल्या.

तुमची चिठ्ठी मी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. जे आहे त्यात सुखाने राहायचं. पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मोठ्या मनाच्या बाईला वाटूरची पडवी काय आणि जालन्याची खोली काय, असं त्या म्हणाल्या. मलाही पटलं. तुम्ही खोली सोडल्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी गवंड्याला पुढचं काम सांगितलं. त्याआधी सांगितलं असतं तर तुम्ही पाणी सोडलं नसतं, आणि त्या गरीब पोरीचं नुकसान झालं असतं. तुमचे दादा तिथेच बसले होते. वर्तमानपत्र वाचत होते.

तुमची ट्रंक, पुस्तकं आणि नानांची काठी रेल्वेने परतूरला पाठवली आहेत. कचरूला उतरवून घ्यायला सांगा. माझा संकल्प पुरा झाला, देवाची कृपा.

एक राहिलं. झोपाळा तुमच्या तुळईलाच टांगला. दुपारी जेवण झालं की मी त्याच्यावर पडते, आणि तेव्हा वर काहीतरी करकरतं. तुमचे दादा म्हणतात, कड्या नव्याने बसल्या की वाजतातच. तरी नानांनी त्या तुळईबद्दल काय सांगितलं होतं, ते उलट टपाली कळवा. वाळवीबिळवी तर नाही ना? ही चेष्टेची वेळ नव्हे.

आपलं माणूस म्हणून लगेच लिहा.

सौ. अरुंधती

---

॥ श्री ॥

वाटूर,
रामनवमी

ती. सौ. अरुंधतीवहिनी यांस,
दुर्गाचा साष्टांग नमस्कार.

ट्रंक पोचली. कुलूप मोडलं आहे, पण आत सगळं आहे. कचरूने ती पडवीत आणून ठेवली आणि मला म्हणाला की बाई, तुम्ही जालन्याला जानार होत्या ना? दोन दिवस मी जेवले नाही. तुमचं वाईट व्हावं असं मनापासून वाटलं, ते लपवत नाही. दादाचं तर तुमच्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी उठून कडबा एका बाजूला रचला आणि जागा सारवून घेतली.

तुळईचं विचारलंत ते सांगते. ती अगदी ठणठणीत आहे. नाना शेवटच्या आजारात मला म्हणाले होते, घरातली सगळ्यांत भक्कम तुळई ही, मी स्वतः निवडून घातली आहे. दुर्गे, तुला लहानपणी झोपाळा हवा होता, तेव्हा जमलं नाही. कधी बांधलास तर इथे बांध, दहा माणसं बसली तरी हलणार नाही. एवढीच गोष्ट. आपणच आपल्यासाठी झोपाळा मागतो असं दिसेल म्हणून पत्रात लिहायची लाज वाटली. कड्या मी तुमच्या नव्हे, माझ्या हौसेने निवडल्या होत्या.

हे अक्षर न् अक्षर खरं आहे, नानांची शपथ. पण तुम्ही ते खरं मानणार नाही, वहिनी. तुम्ही माझ्या जागी असता तर खरं लिहिलं नसतं, म्हणून तुम्हाला मीही लिहिलं नसेल असंच वाटणार. खात्री करायची तर वरचं माळवद उकलून पाहावं लागेल, आणि सगळी माती नव्या फरश्यांवर पडेल. ते तुमच्याने व्हायचं नाही. तेव्हा रोज दुपारी झोपाळ्याच्या पाटावर पडा, आणि वर करकरलं की माझी आठवण काढा. त्या खोलीत मी राहीन ती अशी.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची चाल आहे. यंदा मी मागणं सोडलं आहे.

दुर्गा