बोट कुणी धरायचं

मुल्लैत्तीवु, उत्तर श्रीलंका

वेण्णिला,

मंगळवारी विजयादशमीला गावातली मुलं तांदळाच्या ताटात पहिलं अक्षर तू बोट धरलंस तरच गिरवणार, हे काल पालकसंघाच्या रासम्मांनी मला तोंडावर सांगितलं.

"मुख्याध्यापिका मी आहे ना?" मी म्हटलं.

"आहात हो टीचर. पण युद्धात निर्वासितांच्या छावणीत वाळूवर बोट फिरवून आमच्या थोरल्यांना शिकवलं ते तिनं. तुम्ही तेव्हा कोलंबोत पंख्याखाली होतात."

खरंय. युद्ध संपलं, शाळेवर पत्रे चढले, फळा आला, मग मी आले. मुलं मात्र अजून तुझ्या चालीवर पाढे म्हणतात. मी त्यांना दटावते.

तुझी शाळेतली नोकरी कायम व्हायला माझ्या सहीचा दाखला लागतो. तुझी फाईल सापडत नाही, असं मी तुला कळवलं. ती चार महिने माझ्याच खणात आहे. हे पत्रही तिथेच जाईल. तू जाफन्यात शिंप्याकडे काजं करतेस, हेही मला ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळच्या बसने तू उतरशील. रांगेत माझी लेक इनियाही असेल. अक्षर गिरवायला कुणाच्या मांडीवर बसणार, असं मी तिला विचारून पाहिलं.

"मावशीच्या," म्हणाली.

तुझी अक्का