मागे न वळलेली माणसं

१२ जानेवारी १९७४, देवळाली प्रवरा

पेट्रोल परवडेना म्हणून आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी जुन्या मोटारीत बॅटऱ्या बसवल्या आणि आज ती मीच चालवून पाहिली. धूर नाही, फटफट नाही. नुसती बारीक गुणगुण.

नदीकडच्या रस्त्यावर, जिच्याशी मला लग्न करायचंय त्या शालनचे वडील तात्या आणि चारपाच माणसं तिच्या आजोबांना, आबांना, अग्नी देऊन परतत होती. मी कॉलेज सोडल्यापासून तात्या मला दारात उभं करत नाहीत. वाटलं, घरापर्यंत सोडलं तर मन वळेल. मोटार अगदी पाठीशी नेऊन ओरडलो, "थांबा!"

कुणी वळलं नाही. मसणातून येताना मागे बघत नाहीत, हे मी गाढव विसरलो. बाकीचे झपाझप निघाले. तात्या तेवढे थांबले, पाठमोरेच.

"आबा, का आलात मागं? काय इच्छा राहिली हाय?"

'शालन' एवढंच म्हणायचं होतं! पण मेलेल्या म्हाताऱ्याच्या नावानं? एरवी कुणालाही शिव्या देणारा मी, जीभच उचलेना. फक्त ती गुणगुण.

तात्या मान कलती करून ती गुणगुण ऐकत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "व्हय आबा. त्या कॉलेज सोडलेल्याला पोरगी न्हाई देत. शब्द हाय."