डावा पाय, वय सहा

प्रिय धाकट्या,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी. दुकानाच्या दारावरची घंटा अजून दोनदा वाजते आणि बूट शिवताना बाबांच्या जिभेचं टोक अजून बाहेर येतं. मी चिडवलं की आत घेतात, पुढच्या टाक्याला पुन्हा बाहेर. चामडं आता मी कापते, शिवण मात्र त्यांचीच. गिऱ्हाइकाचा पाय दुकानात येऊन बुटात जाईपर्यंत बूट द्यायचा नाही, हा हट्टही तसाच आहे. मागे एका डॉक्टरांनी बूट न्यायला ड्रायव्हर पाठवला, तर त्याला सांगितलं, पाय घेऊन ये.

परवा शिवणकाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, एक पाय आखूड असलेल्या. तुला आठवत असतील. बाबा सवयीने मागच्या खोलीत गेले, रिकाम्या फळीवर हात नेला आणि तसेच उभे राहिले. इतकी वर्षं जुनं गिऱ्हाईक आलं की ते मुकाट्याने नवं माप घेऊन पायाच्या आकाराचा नवा लाकडी फर्मा कोरायचे. आता मनगटात तेवढा जोर राहिला नाही. सुताराकडे संगणकातल्या चित्रावरून लाकूड कोरणारं यंत्र आहे, पण चित्र तर हवं.

म्हणून दुपारी बाबा आडवे झाल्यावर मी आपला जुना कॉम्प्युटर उघडला. तू स्कॅनर आणलास ते तीन महिने आठवले. चारशे लाकडी फर्मे, माणसाच्या पायाएवढे, एकेक तू फिरवायचास आणि मी नाव घालायचे. दिवसभराचा बदल नोंदवायचा, त्याला कमिट म्हणायचं, सोबत एक ओळ लिहायची, हे तूच शिकवलंस. मी लिहिलं होतं, आज बाबांनी दोनदा चहा सांडला. असलं काही लिहायचं नसतं म्हणून तू ओरडलास, आणि दुसऱ्या दिवशी तुझी ओळ होती, तीनदा. किती हसलो होतो रे आपण.

नावं सगळी सापडली. पण बाईंची फाइल उघडली तर आत नुसती तीन ओळींची चिठ्ठी, की मूळ चित्र दुसरीकडे आहे. माझ्या कॉम्प्युटरवर जागा कमी म्हणून मोठ्या फाइली तुझ्या मशीनवर ठेवल्या होत्या आणि तू ते मशीन घेऊन गेलास, हे मी विसरूनच गेले होते. बरोबरच आहे तुझं नेणं. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून तू फर्मे बेकरीच्या भट्टीला दिलेस, आणि गावाहून परतलेल्या बाबांनी आवाजही न चढवता एवढंच विचारलं की आधी कुणाचे जळाले. पंधरा दिवसांत तू गेलास. बेकरीवाल्याला मागचं दार मीच उघडून दिलं होतं, पहिली टोपली मीच भरली होती, आणि त्या पंधरा दिवसांत मी तोंड उघडलं नाही. तुझ्या मशीनचा पत्ता माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून तसाच लावलेला होता. तू कधीच मशीन बंद केलं असशील अशी खात्री होती, तरी तिकडचं सगळं इकडे आणायची तू शिकवलेली आज्ञा, फेच, लिहून मी बटण दाबलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग आकडे पळायला लागले आणि मला रडू फुटलं.

बाईंचा पाय आला. सगळ्यांचेच आले. आणि मी न मागितलेलंही आलं. तू गेल्यानंतरच्या पाच नोंदी, वर्षाला एक. एक लहानसा पाय. उजवा पाय, डावा पाय, वय दोन. मग तीन, मग चार. शेवटची तीन आठवड्यांपूर्वीची आहे: 'डावा पाय, वय सहा. अजून आत वळतो. दुकानातले बूट टोचतात. बाबांनी टाचेला कुठून आधार दिला असता?' ती ओळ कोण वाचेल असं तुला वाटलं होतं? मला भाची आहे की भाचा, एवढंसुद्धा कमिटमध्ये लिहिलं नाहीस, शहाण्या.

बाईंच्या फर्म्याबरोबर सुताराकडून त्या लहान पायांचाही जोड कोरून आणला आणि कुणाचा ते न सांगता बाबांसमोर ठेवला. त्यांनी डाव्या फर्म्यावरून अंगठा फिरवला, दुसरं बोट अंगठ्याहून लांब आहे ते चाचपलं, आणि म्हणाले, हा आपल्या घरातला पाय आहे. मग मी सगळं सांगितलं, टोपलीचंसुद्धा. ते एवढंच म्हणाले की मागच्या दाराला आतून कडी होती, बेकरीवाल्याबरोबर बाहेर असलेला तो ती कशी काढणार, दार तू उघडलंस हे मला तेव्हाच कळलं होतं.

आधार टाचेला आतून दिलाय, चामड्याचे तीन थर. चार दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. बूट लाल आहेत, रंग मी निवडला. ते पोस्टाने पाठवावेत म्हणून काल मी खोकं आणलं, तर बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि तुझ्या स्टुलावरचा गोंदाचा डबा उचलून त्यात ठेवला. बूट फळीवर आहेत. तुला लिही म्हणाले, पाय घेऊन ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई