सात बिनचिठ्ठीच्या डाळिंबांची व्यवस्था

मी, येसाजी हैबतराव वाळंज, वय वर्षे बावीस, शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, हल्ली मुक्काम पौड, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, आज रविवारी सकाळी अंगात ताप नसताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने बसून हे लिहितो. येत्या बुधवारी पुण्याच्या दवाखान्यात माझ्या पोटातील गाठ कापणार आहेत. भूल उतरल्यावर माणूस बहुधा नीट जागा होतो, असे डाक्तर म्हणाले. त्यातील 'बहुधा' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून माझ्यामागे काय कोणाचे, ते ठरवून ठेवतो.

कलम १. पौडातील माझे दोन खोल्यांचे कौलारू घर. गाव धरणाखाली जाणार म्हणून आम्ही माघात उठलो, तेव्हा जुन्या घराचे वासे सोडवून आणून हे उभे केले. हे घर माझा चुलतभाऊ सावळा याला द्यावे.

कलम २. दोन कुदळी, तीन खुरपी, एक विळा. मोठी कुदळ धुळा कोकरे धनगर याची. धाकटी भैरू कोंढरे याची, जरी तो रोज दारावरून जाताना "काय येसाजी, काड्या दूध द्यायला लागल्या का?" असे विचारीत असला तरी. बाकी सावळ्याकडे राहू द्यावे.

कलम ३. मागच्या खोलीतील डाळिंबाच्या सात काड्या. यांचे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

जुन्या गावी आमच्या आळीत सात घरे होती आणि सातही दारी डाळिंब होते. उठायच्या आधी मी दर झाडाच्या दोन काड्या कापून घेतल्या. मुळे फुटली की ज्याची त्याला रोपे देईन, असा शब्द मी सर्वांना दिला. नंतर झाडे तुटली, त्यामुळे पुन्हा जाऊन काडी आणायला तेथे झाड उरलेले नाही. बाहेर शेळ्या खातात, म्हणून मी मागच्या खोलीत एक काचेचे कौल बसवले, त्याखाली लाकडी खोक्यात ओली वाळू भरून काड्या लावल्या आणि प्रत्येकीला घरधन्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. आमच्या दोन काड्यांवर मी आईचे नाव लिहिले, कारण ते झाड तिने लावले होते. मी सहा वर्षांचा असताना ती वारली. त्यानंतर झाड फुलायचे, पण फळ धरायचे नाही. त्याची चव मला आठवत नाही.

चौदांपैकी सात काड्यांना लवकर मुळे आली. त्या मी घासलेटच्या डब्यांत लेंडीखतात लावल्या आणि आठ दिवसांत सगळ्या जळाल्या. धुळ्याने वाईट खत दिले, असे मी चार माणसांत बोललो. ते खोटे होते. त्याने तेव्हाच सांगितले होते, "ही ताजी हाय, येसाजी. आत ऊब हाय अजून. एक पावसाळा खाऊ दे तिला, मग घाल." मला घाई झाली होती. चूक माझी, ही नोंद असावी.

उरलेल्या सात काड्या दर घरची एक याप्रमाणे होत्या. आता त्यांनाही मुळे आली आहेत, पण चिठ्ठ्या नाहीत. कारण पुढील कलमात.

कलम ४. माझी आत्या तुळजाबाई, जिने मला वाढवले, हिला काहीही देऊ नये. तिने सासरी भूगावला जावे.

मंगळवारी मी डाक्तरला दाखवायला पुण्यास गेलो असता, मी एरवी कोणाला जाऊ देत नसे त्या मागच्या खोलीत ती गेली. तिला वाचता येत नाही. तिने एक चिठ्ठी सोडून भैरूला दाखवली. त्याने वाचले, "साळूबाई." ते माझ्या आईचे नाव. मी घरी आलो तर चुलीत कागद जळत होते.

"आत्या, चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"जाळल्या. काड्यांना नावं बांधून वाळूत पुरल्याली! मला वाटलं, कुनी तरी सात घरांवर करणी केली. त्यात मेल्याल्या मानसाचं नाव, बाबा!"

"अगं, मीच बांधल्या होत्या!"

"मग सांगायचं न्हाई व्हय? सदानकदा त्वांड शिवल्यागत बसतोयस!"

दोरे तोडताना तिने काड्या उपटल्या आणि नंतर हाताला येतील तशा परत खोचल्या. आईची चिठ्ठी कोणत्या काडीची होती, हे तिला सांगता येत नाही. मी मुळे मोजली, पाने मोजली, साली नखाने खरवडून पाहिल्या. सातही सारख्याच दिसतात. कधी वाटते डावीकडची तिसरी आईची. संध्याकाळी वाटते पाचवी.

कलम ५. लावणी शनिवारपर्यंत व्हावी. मुळे दोन बोटे लांब झाली आहेत, आणि नुसत्या वाळूत पोटाला काही नसते. मी हे काम चार दिवस टाळले, कारण कोणती कोणत्या डब्यात घालावी ते कळेना. जुन्या घरच्या उकिरड्यातील तीन वर्षे कुजलेले खत दोन पोती आणले आहे. त्यात तेवढाच रानातील पालापाचोळ्याचा काळा चुरा आणि थोडी वाळू मिसळावी. मिसळण्याचे काम धुळ्याचे. हात घालून गरम लागले तर थांबावे. डब्यांना खाली भोके आहेत, ती बुजवू नयेत. काडी ओढू नये. खालून बोटे घालून वाळूसकट उचलावी. माती थापटू नये. पाणी तांब्याने ओतू नये, हाताने शिंपडावे. आठ दिवस कौलाखाली, पण भर उन्हात नाही.

ही उचलाउचल कोणी करावी, ते अजून ठरत नाही. सावळ्याचे हात जड आहेत.

कलम ६. कोणती काडी कोणाची. येथे मी दोन तास बसलो. नव्या चिठ्ठ्या टाकून काड्या वाटाव्यात, तर आईचे झाड दुसऱ्याच्या दारी जाईल आणि मी खोटे बोललो असे होईल. सगळी रोपे मीच ठेवावीत, तर शब्द मोडेल. शेवटी धुळा खत चाळायला आला, त्याला विचारले.

तो म्हणाला, "फळ आल्यावर कळंल की. तीन वरसांनी."

"चव कोणाला माहीत आहे? मला नाही."

तेव्हा आत्या चुलीपासून बोलली. चार दिवसांत प्रथमच. "साळूच्या डाळिंबाचा पयला दाना आंबट. आन् गिळल्यावर घसा ग्वाड. तिच्या शेवटल्या दुखन्यात मीच सोलून देत हुते. ती दोन दानं खायची, उरल्यालं मी."

म्हणजे चिठ्ठ्या जाळणारे माणूस आणि झाड ओळखू शकणारे माणूस एकच आहे. आता असे ठरवतो:

शनिवारी तुळजाबाईनेच आपल्या हातांनी सात काड्या सात डब्यांत लावाव्यात. बाकी सहा घरी एकेक डबा द्यावा, एक आपल्या दारी ठेवावा. कोणती काडी कोणाची हे आता कळत नाही, असे सर्वांना खरे सांगावे. फळ धरेल तेव्हा तिला प्रत्येक दारी बोलावून पहिले डाळिंब चाखायला द्यावे. ज्या झाडावर ती आईचे म्हणून बोट ठेवील ते त्याच घरी राहील. त्याची फक्त एक काडी माझ्या दारी आणून लावावी. बाकी घरांनीही आपापले झाड असेच शोधावे. यासाठी तिने पौडात राहणे जरूर आहे. म्हणून घर ती जिवंत असेपर्यंत तिचे, त्यानंतर सावळ्याचे.

हे कलम मी तिला वाचून दाखवले.

ती म्हणाली, "तीन वरसं? मग तू बी ये की माघारी. मी एकलीच म्हातारी लोकांच्या दारोदार डाळिंबं खात हिंडू व्हय?"

मी येईन, असे तिला सांगितले आहे. ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगे आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण लिहिले.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मी तो दोनदा वाचून पाहिला आहे.

ठिकाण पौड, तारीख ९ माहे मे, सन १९२६.

सही : येसाजी हैबतराव वाळंज

साक्षीदार :
१. भैरू कोंढरे, सही दस्तुरखुद्द
२. धुळा कोकरे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

दुरुस्ती : कलम १ मधील 'द्यावे' हा शब्द कलम ६ प्रमाणे वाचावा. कलम ४ मधील 'हिला काहीही देऊ नये' हे चार शब्द आणि 'तिने सासरी भूगावला जावे' हे पुढचे चार, असे एकूण आठ शब्द मी साक्षीदारांसमोर आडव्या रेघेने खोडले आहेत. 'जिने मला वाढवले' हे तीन शब्द खोडलेले नाहीत. ये. है. वा.