तारेचं उत्तर

५ डिसेंबर १९७१
सायरन! भर दुपारी. सराव होता म्हणे – पण पोटातलं बाळ केवढ्यानं हललं! आई खिडक्यांना काळा कागद चिकटवत होती. नागपूरवर कोण येतंय बॉम्ब टाकायला? माझं चित्त समुद्राकडे. मार्तंड तिथे अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, आणि मी सातव्या महिन्यात इथे, माहेरी.

७ डिसेंबर
पेपरात कराची जळल्याचं. बाबा म्हणाले, "आपण त्याइचं तेल जाळलं. आता ते आपलं काय जाळतीन?" मग माझ्याकडे पाहिलं आणि पेपर घडी करून ठेवला.

९ डिसेंबर
मार्तंडचं पत्र. तीनदा वाचलं. "अणुभट्टी बंद केली तरी लगेच निवत नाही. पाणी फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर आतलं वितळेल. म्हणून कुणीतरी बसावंच लागतं. गावातले कोळी विचारतात, साहेब, आम्ही कुठं पळायचं?"
खाली एक ओळ खोडलेली. उजेडाला धरून वाचली – "बॉम्ब पडला तरी बसावं लागेल."

१० डिसेंबर
ताट तसंच परत केलं.

१३ डिसेंबर
बाबा दोन दिवस नजर चुकवताहेत. शेवटी आईनंच सांगितलं – शनिवारी त्यांनी मार्तंडना तार केली. सुमती अत्यवस्थ, ताबडतोब निघा!
भांडले मी. "असं अभद्र का लिहिलंत?" बाबा रडायलाच लागले. "तुया लेकराले बाप पायजे का नाही वं?"
'खरं काय ते आत्ता कळवा' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तार पोचली असेल तर ते निघाले असतील... काय लपवू? मलाही ते यायला हवेत. वेणी घातली. सगळा दिवस दाराकडे कान.

१५ डिसेंबर
उत्तर आलं. "येऊ शकत नाही. पाळी सोडता येत नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. सुमतीला म्हणा, माफ कर."
मी वाटाणे सोलत होते. अत्यवस्थ!
"मानूस हाय का गोटा?" बाबा बोलले. मी त्यांच्यावरच ओरडले. मग मोरीत जाऊन रडले. त्या किनाऱ्यावर केवढी माणसं राहतात. मार्तंडचं बरोबरच आहे. मला कळतं. कळतं!

१७ डिसेंबर
युद्ध थांबलं. गल्लीत पेढे वाटताहेत. बाबा चप्पल घालून तारघराकडे निघाले – सुमती बरी आहे, कळवतो म्हणाले.
मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "अजून नको. आता तरी येतात का, बघू दे."