दसऱ्याला खडक वळला

१८ सप्टेंबर, गुरुवार
नवी तेलविहीर आली. काम नेहमीचं. विहिरीच्या भिंतीचा लॉग, म्हणजे आत यंत्र सोडून काढलेलं चित्र, वाचायचा, खडकातल्या नैसर्गिक भेगा ओळखायच्या, त्यांच्या दिशा मांडायच्या, जमिनीखालचा ताण कुठून येतो ते काढायचं. ऑफिसचा नियम असा की एकच लॉग दोघांनी वाचायचा, एकमेकांचं न बघता. मग विनिता मॅडम दोन्ही वाचनं पडताळतात. या वेळी दुसरा अद्वय. प्रोजेक्ट लीड कोण, ते याच विहिरीवरून ठरेल, असं मॅडम म्हणाल्या. मीच. हे मत नाही, अनुमान आहे.
निश्चय: अद्वयशी कामापुरतं बोलायचं. डबा वेगळा खायचा.

१९ सप्टेंबर
डबा एकत्र खाल्ला. त्याच्याकडे डाळिंब्यांची उसळ होती, वाया गेली असती. म्हणाला, अगं, तुझ्याइतकं नेमकं इथे कोण वाचतं, तूच लीड हो. मी न विचारता म्हणाला, म्हणून विश्वसनीय धरते.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ
माझं वाचन पूर्ण. अद्वयचं सुरूही नाही. ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला पाहुण्यांना न्यायचंय म्हणाला. कालही पाहुणे होते. त्याच्या फोनच्या स्क्रीनवर पाहुण्यांचं नाव समीक्षा. आतेबहीण असावी.

२६ सप्टेंबर
अद्वयला माझी फाइल पाठवली. नियम मोडला असं नाही. त्याला फक्त सुरुवात कुठून करायची ते कळावं.
आईने विचारलं, हा अद्वय कोण गं? सहकारी, म्हटलं. आई म्हणाली, मग सहकाऱ्याचा फोन आला की गॅलरीत कशाला पळतेस? डोंबिवलीत घरात रेंज येत नाही, एवढंच.

२९ सप्टेंबर
अद्वयने माझं सगळंच उचललं. टाइमच नव्हता म्हणाला. दोन माणसांचं वाचन तंतोतंत कधीच जुळत नाही. मॅडम लगेच पकडतील. म्हणून मीच सांगितलं, काही भेगा दोन अंश इकडे फिरव, काही तिकडे. ही फसवणूक नाही. माणसाच्या हातून जेवढी चूक होते तेवढीच, फक्त ठरवून केलेली. म्हणाला, तू ग्रेट आहेस यार.

३ ऑक्टोबर
रिव्ह्यू. अद्वयने सगळ्याच भेगा एकाच बाजूला दोन अंश फिरवल्या. एकही सोडली नाही. मॅडमनी दोन्ही वाचनं एकावर एक ठेवली, चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, काय रे बाबांनो, काल दसऱ्याला अख्खा खडक वळला का? सगळे हसले. मी अद्वयकडे पाहिलं. तो बोलेल, याची खात्री होती.
बोलला. म्हणाला, मॅडम, फाइल ऋजुतानेच पाठवली, मी मागितली नव्हती. फिरवायची आयडियाही तिचीच. मला पहिल्यापासून पटत नव्हतं.
तिन्ही वाक्यं घरी येऊन वेगवेगळी तपासली. पहिली दोन खरी आहेत.

६ ऑक्टोबर
लीड अद्वय. मॅडम म्हणाल्या, त्याने निदान कबूल तरी केलं, तू अजून नियम मोडलाच नाही म्हणतेस. माझं वाचन मात्र बिनचूक निघालं. ते रिपोर्टमध्ये जाईल. रिपोर्टवर लीडचं नाव असतं.
मला काही वाटलं नाही. जेवले नाही, पण ते उकाड्यामुळे.
निश्चय: त्याला मदत करायची नाही. कधीच.

८ ऑक्टोबर
अद्वय टेबलापाशी आला. माफीला द्यायचं उत्तर मी तयार ठेवलं होतं: दोन वाक्यं, कोरडी. तो म्हणाला, अगं ऐक ना, शुक्रवारी क्लायंटसमोर बोलायचंय, ताणाची दिशा तू कशी काढलीस ते माझ्या डोक्यावरून गेलंय, जरा लिहून दे. स्पष्ट नाही म्हटलं. बरं, म्हणाला, आणि गेला.
क्लायंटचं नुकसान व्हायला नको. अकरा पानं झाली. आकृत्या उद्या सकाळी. सोप्या काढणार आहे, त्याला कळतील अशा.