बेण्याची खाडी

मोशी,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस,
तेजूचा शिरसाष्टांग नमस्कार.

शाळेत शिकवलं होतं, बापाला तीर्थरूप लिहायचं आणि चुलत्याला तीर्थस्वरूप. बाप मला आठवत नाही. सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडणारा माणूस आठवतो. म्हणून तीर्थरूपच लिहिलंय. तुम्ही सध्या माझ्यावर कितीही चिडलेले असा, मी ते खोडणार नाही.

मी खुशाल आहे, खोकला गेला. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांनी दिलेली लसणाची चटणी संपली, पण आणखी मागणार नाही. तुमच्या-माझ्या भांडणात त्यांना डबे घेऊन पळवायचं नाही.

निघोजे इथून अर्ध्या तासावर आणि मी पत्र लिहितेय, याचं तुम्हाला हसू येईल. पण तुम्ही फोन उचलत नाही. प्रीतमनं निरोप दिला, "बाबा म्हणत्यात, तोंडी काय ऐकायचं न्हाई. काय आसंल ते लिहून दे." आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कुणी सुट्टी मागायला आलं की तुम्ही हेच ऐकवता. तर हा माझा अर्ज समजा. फक्त यात सुट्टी मागितलेली नाही, आणि माफीही नाही.

दिवाळीत जेवणं झाल्यावर तुम्ही माझ्या समुद्राच्या संशोधनाचा नकाशा मागितलात. मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं "चाकणला कुठला समुद्र?" म्हणून घरादारानं माझी चेष्टा केली, आणि त्या दिवशी दादा स्वतः चष्मा लावून कोकणचा किनारा बघत होते. तुम्ही नेमकं काळथरच्या खाडीवर बोट ठेवलंत.

"हितं आरक्षण टाकलंय व्हय तू?"

आरक्षण नव्हे, संरक्षित क्षेत्र, असं मी म्हटलं.

"तेच की. मग शेजारच्या गटात सरकव. समुद्राला काय तोटा हाय?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. प्रीतम रिकाम्या ताटाकडे बघत बसला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खाडीच्या तोंडावर नवा धक्का बांधायचा आहे आणि त्याचं लोखंडी काम आपल्या शेडला मिळालं आहे.

दादा, तुमची चूक मला कळते. आपल्याकडे सगळ्यांचीच ती होते. रस्ता कुणाच्या गटातून जाणार, बागेचं आरक्षण कुणाच्या डोक्यावर बसणार, यात आपल्या गावाची निम्मी हयात गेली. रेघ इकडची तिकडे झाली की एक घर वाचतं आणि दुसरं रडतं. पण जमीन जिथल्या तिथं राहते. आपल्या गटात शेड उभी राहिली म्हणून राजगुरुनगरचा कांदा उगवायचा थांबत नाही.

समुद्रात थांबतो. काळथरची खाडी दिसायला काही नाही. चिखल, खारफुटी, ओहोटीला येणारा वास. तिच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. ती जागची हलत नाहीत, पण त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात आणि दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. कुठं जातात ते शोधण्यात माझी चार वर्षं गेली. अर्धी चिखलात, अर्धी या मोशीच्या खोलीत कॉम्प्युटरवर प्रवाहांची गणितं मांडत. दक्षिणेकडच्या गावांतली कालवं तपासली, तर बहुतेकांचं मूळ त्याच खाडीत निघालं. त्या गावांतल्या बायका कालवं फोडून घर चालवतात.

संरक्षित क्षेत्र ठरवणाऱ्या समितीला मात्र खाडी नकोच होती. त्यांना बेटाजवळचा खडक राखायचा होता. निळंशार पाणी, फोटो छान येतात. पण तिथली पिल्लं सगळी खोल समुद्रात वाहून जातात, एकही परत तिथं टिकत नाही. बेटावर जे दिसतं ते खाडीनं पाठवलेलं. खाडीच्या तोंडाचा गाळ उपसला, धक्का उभा राहिला, की काही वर्षांत तो राखलेला खडकही रिकामा. रिकाम्या खडकाला कुंपण घालून ठेवा मग.

हे तुम्हाला मी कशाला शिकवू? तुम्हीच मला शिकवलंय. आपली बटाट्याची शेती होती तेव्हाची गोष्ट. त्या साली भाव कडाडले होते. पाल्याखाली रचून झाकलेल्या बटाट्यांच्या आरणीत तुम्ही पुढच्या हंगामाचं बेणं राखून ठेवलं होतं आणि व्यापारी नवनाथशेट तेही मागत होते. "बेणं इकायचं नसतं, शेट," म्हणून तुम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावलंत. मागं वळून बघता तर मी त्याच आरणीतले बटाटे शेकोटीत भाजून खातेय. तुम्ही माझा कान धरलात. "बेणं खाल्लं त्यानं पुढचं साल खाल्लं. बेणं कुठलं!" तेव्हापासून घरात माझं नावच बेणं पडलं.

काळथरची खाडी हे बेणं आहे, दादा. ते शेजारच्या गटात सरकवता येत नाही.

प्रीतम फोनवर म्हणाला, "ताई, चार शिंपल्यांपायी तू आमच्या पोटावर पाय देतीस." मला ते लागलं. ज्योतीराम वेल्डर मराठवाड्यातून बायकोपोरं घेऊन तुमच्या भरवशावर इथं आलाय, हे मी विसरलेले नाही. त्याच्यासमोर उभं राहणं मला जड जाईल. पण आपल्या शेडला चाकणमध्ये दुसरं काम मिळू शकतं. खाडीला दुसरं तोंड मिळणार नाही. प्रीतमला हे सांगितलं तर त्यानं फोन ठेवला. तुमचाच मुलगा.

आता एक गोष्ट राहिली. मघापासून मी तिला बगल देतेय. कालवं काय, बटाटे काय, सगळं लिहून झालं आणि तेवढंच राहिलं.

गुरुवारी समितीची बैठक होती. माझं मांडून झालं, सगळे चहाकडे बघायला लागले. तेव्हा मी पुन्हा उभी राहिले आणि म्हटलं, हे नोंदवून घ्या. या धक्क्याचं काम माझ्या चुलत्यांकडे आहे. त्यांनी मला नकाशावरची रेघ सरकवायला सांगितली. मी सरकवलेली नाही. नाव काय, असं विचारलं. मी सांगितलं. दादासाहेब, मुक्काम निघोजे.

कुणी मला भाग पाडलं नव्हतं. पण उद्या हे बाहेरून कळलं असतं, तर लोक म्हणाले असते की पोरीनं घरचं भांडण समुद्रात नेलं, आणि माझ्याबरोबर खाडीही खोटी ठरली असती. मला खाडी खोटी ठरू द्यायची नव्हती.

आता मला या कामातून बाजूला केलंय. निरंजन नावाचा दुसरा संशोधक सगळी गणितं नव्यानं तपासणार. तपासू दे. कुणीही मांडलं तरी पिल्लं त्याच खाडीतून निघतात. तोवर धक्क्याचं काम थांबवलंय, म्हणजे तुमची ऑर्डरही थांबली. तसा कागद या आठवड्यात शेडवर येईल. तो प्रीतमच्या हातात पडायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

माझ्यामुळे तुम्हाला चारचौघांत मान खाली घालावी लागेल. याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, परवा भाकरी थापता थापता रडले. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा उभी राहीन आणि पुन्हा नाव सांगेन.

मंगळवारी संक्रांत. मी तिळगूळ घेऊन येणार आहे. दार लावून घेतलंत तर ओट्यावर बसेन, काकू चहा देतीलच. गोड बोला असं मी म्हणणार नाही, तुम्हाला जे बोलायचं ते बोला. तोंडी बोलायचं नसेल तर लिहून द्या.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. नसला तरी मी येणार.

तुम्ही न विकलेलं,
तुमचं बेणं,
तेजस्विनी